मुळशीच्या रानाकडेची भाजी आणि तिची राखण

तीन वर्षांपूर्वीं, दसरा झाल्यावर, आमच्या आठवीच्या वर्गांतील एक विद्यार्थी पहिल्याच तासाला झोपूं लागला. मुलगा हुशार, गणितांत तर वर्गांत पहिला. परंतु हजेरी संपते न संपते तोंच त्याची मान खालीं जाई. दोनदां त्यास उभें केलें, एकदां वर्गाबाहेर काढलें, आणि शेवटीं वडिलांस चिठ्ठी पाठविली. वडील दुसऱ्या दिवशीं स्वतःच आले. दारांत वहाणा काढून म्हणाले, "गुरुजी, पोरगं रातचं माळ्यावर असतं. अकरापर्यंत मी जागतो, मग त्याला उठवतो. डुकरं दोनाच्या सुमाराला येतात. मी एकटा किती जागू?" त्यांच्यापुढें आम्हांस बोलावयास कांहीं सुचलें नाहीं. ज्या मुलास आम्हीं आळशी ठरविलें होतें, तो रोज अर्धी रात्र घरच्या वालाची व रताळ्यांची राखण करीत होता.

त्या चिठ्ठीची भरपाई म्हणून म्हणा, वा कुतूहल म्हणून म्हणा, आम्हीं ह्या विषयाचा अभ्यास आरंभिला. पुस्तकें वाचलींच, परंतु खरा अभ्यास झाला तो मातींत. त्याचा वृत्तांत येथें देत आहों.

मुळशी तालुका म्हणजे पुण्याच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. भूगांव, पिरंगुट, पौड हीं गांवें मागें टाकून ताम्हिणी घाटाकडे जाऊं लागावें, तसतसा पाऊस वाढत जातो, शेतें लहान होत जातात आणि रान रस्त्याच्या जवळ येत जातें. आंबेमोहोर भात हें येथील मानाचें पीक. भात निघाल्यावर जमिनींतील ओलीवर वाल, पावटा, हरभरा. आणि घरामागच्या परड्यांत वांगीं, मिरची, मुळा, दोडका, भोपळा, रताळीं. ही भाजी बाजारांत जाते ती थोडी. बहुतेक घरच्याच ताटांत येते. म्हणून एका रात्रींत वाफा उद्ध्वस्त झाला तर नुकसानीचा आंकडा कागदावर लहान दिसतो, पण त्या घरीं महिनाभर कालवण कशाचें करावयाचें हा प्रश्न उभा राहतो.

एका परिचित शेतकऱ्याकडून आम्हीं चार गुंठे जमीन वर्षाच्या बोलीनें घेतली. तिचे सोळा वाफे पाडले व सोळा मुलांस वांटून दिले. ज्याचा वाफा त्याची भाजी, असा करार. पहिल्या हंगामांत सोळांपैकीं अकरा वाफे जनावरांनीं खाल्ले. एका मुलीच्या रताळ्यांच्या वाफ्यांत तर एक वेल शिल्लक उरला नाहीं. ती रडली नाहीं. मात्र परततांना एस्. टी. मध्यें कोणाशीं एक शब्द बोलली नाहीं.

चोर कोण हें कळल्यावांचून कुलूप कोणतें लावावें हें ठरत नाहीं. खेड्यांत कसलेंहि नुकसान झालें कीं 'डुकरांनीं खाल्लें' असें म्हणण्याचा प्रघात आहे, आणि आम्हींहि प्रथम तसेंच म्हटलें. परंतु शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं आम्हांस सोपी युक्ति शिकविली. चुलींतील राख व चाळलेली माती मिसळून ती वाफ्यांच्या चहूंबाजूंस हातभर रुंद पसरावयाची, संध्याकाळीं केरसुणीनें सारखी करावयाची, आणि सकाळीं कोणाचें पाऊल पडण्याच्या आधीं जाऊन पाहावयाचें. ही राखेची पाटी आम्हांस फळ्याहून अधिक शिकवून गेली.

रानडुकराचा माग ओळखूं येतो तो दुभंगलेल्या खुरामागें उमटणाऱ्या दोन लहान ठशांमुळें. ओल्या मातींत ते स्पष्ट दिसतात. शिवाय तें आलें म्हणजे जमीन नांगरल्यासारखी होते. डुकराची दृष्टि मंद, पण घ्राणशक्ति विलक्षण. मातीखालचें रताळें, गांडूळ, हुमणीची अळी, सर्व कांहीं त्यास वासावरून कळतें. (हुमणी खातें एवढा त्याचा उपकार मानावा काय, ह्यावर मुलांत मतभेद झाला.) माद्या व पिलें कळपानें हिंडतात, थोराड नर बहुधा एकटा असतो. गाभणकाळ सुमारें चार महिन्यांचा, आणि एका वेतास चार-सहा पिलें. तेव्हां अन्न मिळालें कीं संख्या वाढण्यास वेळ लागत नाहीं.

साळिंदराची तऱ्हा निराळी. तें रात्रीं बिळांतून निघतें, ठराविक वाटेनें येतें, कंद उकरतें, आणि झाडाची साल बुंध्याशीं कुरतडतें. तेथें पुढच्या दोन रुंद दांतांच्या खुणा राहतात. वाटेंत एखादा काळा-पांढरा काटा सांपडला तर शंकाच नको. तें शत्रूवर काटे बाणांप्रमाणें फेंकतें ही समजूत मात्र चुकीची आहे. काटे सैल असल्यामुळें गळतात, आणि संकटसमयीं तें पाठमोरें धांवून ते शत्रूच्या अंगांत रुतवितें, इतकेंच. ससा कोंवळीं रोपें कात्रीनें कापावीं तशीं तिरकस छाटतो व वाटोळ्या लेंड्या टाकून जातो. मोर उजाडतां उजाडतां येतो. टोमॅटो, मिरची, शेंगांचे कोंब, कशासहि त्याची ना नाहीं.

दिवसाच्या चोरांपैकीं वानर व माकड हीं दोन वेगळीं जनावरें आहेत हें पुष्कळांस ठाऊक नसतें. काळ्या तोंडाचें, लांब शेपटाचें तें वानर. त्याच्या पोटांत कप्पे असल्यामुळें तें पालाहि पचवितें. तांबूस तोंडाचें व डोक्यावर केसांचा भोंवरा असलेलें तें माकड. हें गालांच्या पिशव्यांत माल भरून पळतें. वानराची टोळी दोडक्याच्या मांडवावर अर्धा तास बसली, तर मांडवासकट हिशेब संपतो.

राखेनें असा निकाल दिला: अकरा वाफ्यांपैकीं पांच डुकरांनीं, तीन साळिंदरानें, दोन मोरांनीं खाल्ले होते. अकराव्या वाफ्यांतील मुळे व कोथिंबीर मात्र आमच्याच जमीनमालकाच्या शेळीनें फस्त केली होती. तिच्याविरुद्ध वनखात्याकडे जातां येत नव्हतें.

आतां हीं जनावरें पूर्वीं येत नव्हतीं काय? येत होतीं. माळा, गोफण, बुजगावणें हे शब्द कांहीं आजचे नव्हेत. पण त्या वेळीं सबंध खोऱ्यांत पीक एकदमच उभें असे आणि प्रत्येक बांधावर कोणी तरी जागें असे. एका रात्रीची हानि चाळीस शेतांत वांटली जाई. आज तरुण मंडळी पिरंगुटच्या कारखान्यांत किंवा पुण्यास नोकरीला जाते. कित्येक जमिनी बंगल्यांसाठीं विकल्या गेल्या, कित्येक पडीक राहिल्या. पडीक जमिनींत घाणेरी माजते, आणि तिच्या जाळींत डुकरें दिवसभर निर्धास्त झोपतात. चाळिसांपैकीं पांचच शेतें उभीं राहिलीं, कीं सगळा भार त्या पांचांवर पडतो; मग तीं पांचांचीं तीन होतात. भाजी लावणें सोडून दिलेल्या शेतकऱ्याचें नुकसान कोणत्याच पंचनाम्यांत येत नाहीं, आणि आमच्या मतें तेंच सर्वांत मोठें आहे.

ह्याच्याहि मागें एक जुनी कथा आहे. टाटा कंपनीच्या धरणाखालीं मुळेच्या खोऱ्यांतील सपाट, कसदार भातजमीन बुडाली. १९२१ सालीं सुरू होऊन १९२४ पर्यंत चाललेला मुळशीचा सत्याग्रह, ज्यांत सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे पुढें होते, तो ह्याच जमिनीसाठीं होता. धरण झालेंच. पाणी सह्याद्रि ओलांडून कोंकणांत भिरा येथील विद्युत्गृहाकडे वळलें. ज्यांनीं खोरें सोडलें नाहीं त्यांचीं शेतें चढावर, रानाच्या उंबऱ्यापाशीं सरकलीं. पुढें २०१३ मध्यें ताम्हिणीच्या परिसरास अभयारण्य म्हणून घोषित करण्यांत आलें, आणि तें योग्यच झालें. पण जनावर शेतांत शिरलें असें म्हणतांना शेत त्याच्या दारापाशीं कसें पोंचलें हेंहि मुलांनीं जाणावें म्हणून एक दिवस आम्हीं त्यांस धरणाच्या पाण्याकांठीं नेऊन बसविलें.

उपायांकडे वळूं. बुजगावणें तीन रात्रीं उपयोगीं पडलें. चौथ्या रात्रीं डुकरांनीं त्याच्या पायाखालची माती उकरली. जुन्या रंगीत साड्या शेताभोंवतीं बांधण्याची रीत आज सर्वत्र दिसते. वाऱ्यानें त्या हलत असतां कांहीं दिवस धाक राहतो. केशकर्तनालयांतील केस पसरले म्हणजे ते डुकराच्या नाकांत जाऊन तें परत फिरतें असें सांगतात. आम्हीं दोन पोतीं केस आणून पसरले. थोडा गुण आला. मग अवकाळी पाऊस आला आणि केस मातींत बसले. डबे वाजविणें, फटाके, मिणमिणते दिवे, ह्या सर्वांची गत एकच. जनावर ऐकतें, दचकतें, आणि आवाजानें कांहीं होत नाहीं हें शिकतें. म्हणून असे उपाय आलटून पालटून करावे. एकच युक्ति महिनाभर चालेल अशी आशा धरूं नये. कांहीं ठिकाणीं कीटकनाशकांच्या उग्र वासाचीं फडकीं टांगतात. भाजीच्या शेजारीं विष टांगणें हा शहाणपणा नव्हे, एवढेंच त्याविषयीं लिहितों.

कुंपणाच्या बाबतींत आमची एक फजिती झाली, ती सांगितलीच पाहिजे. फुकटचें कुंपण म्हणून आम्हीं बांधावरची घाणेरी तशीच वाढूं दिली, उलट फांद्या वांकवून दाट केली. पुढच्या हंगामांत राखेवर माग उमटले ते बाहेरून आंत येणारे नव्हतेच. बांधाच्या जाळींतून थेट वाफ्यांत उतरणारे होते. डुकरीण पिलांसह आमच्याच कुंपणांत राहावयास आली होती. कुंपणानेंच शेत खाल्लें, ही म्हण वर्गांत ह्यापुढें अर्थ सांगून शिकवावी लागणार नाहीं. घाणेरी मुळासकट काढली आणि तिच्या जागीं घायपाताचे कोंब दोन ओळींत, एकमेकांच्या फटी झांकतील असे लावले. घायपात, निवडुंग, करवंद, सागरगोटा ह्यांची वई उत्तम होते. परंतु तिला तीन-चार पावसाळे द्यावे लागतात, आणि तोंवर पोट थांबत नाहीं. कडेनें एरंडाची दाट ओळ लावल्यानें डुकरास आंतील पिकाचा वास व वाट दोन्ही कमी मिळतात. हा उपाय स्वस्त आहे. भाज्यांची मांडणीहि विचारानें करावी. रानाकडच्या बाजूस कारलीं, मिरची व हळद, आणि रताळीं, मका व भुईमूग घराकडे. मिरची मोरास आवडते हें वर आलेंच आहे. तेव्हां एकाच रचनेनें सर्वांचा बंदोबस्त होत नाहीं.

जाळीचें कुंपण खात्रीचें, पण त्याचें मर्म वर नसून खालीं आहे. डुक्कर उडी मारण्यापेक्षां खालून घुसण्याच्या खटपटींत असतें, आणि साळिंदर तर बिळेंच खणतें. म्हणून जाळी तीन-साडेतीन फूट उंच ठेवून तिची खालची एक फूट बाजू जमिनींत पुरावी, किंवा बाहेरच्या अंगास वळवून दगडांनीं दाबून टाकावी. कुत्रा राखणीस चांगला. परंतु पुणें जिल्ह्यांत बिबट्या कुत्र्यासाठींच वस्तींत येतो, तेव्हां रात्रीं कुत्रा उघड्यावर बांधूं नये. भाजी वांचविण्याच्या नादांत बिबट्यास निमंत्रण जावयाचें.

दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस मुलांची एक सभा झाली, ती आम्ही विसरणार नाहीं. आरंभीं सांगितलेला विद्यार्थी उठून म्हणाला, "विजेच्या खांबावरून एक तार घ्यायची आणि रात्री शेताभोवती सोडायची. एक डुक्कर मेलं की बाकीची येणार नाहीत. आमच्याकडं हे करणारे आहेत." आम्हीं त्यास विचारलें, रात्रीं त्या वाटेनें दुसरें कोण जातें? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मोटर चालू करायला काका जातात." अशा तारेस लागून डुकराऐवजीं गुरें, शेजारी व प्रसंगीं तार लावणारा स्वतःच मेल्याच्या बातम्या महाराष्ट्रांत वरचेवर येतात. घरगुती वीज सुमारें २३० व्होल्टची असून तिचा प्रवाह अखंड असतो. ओल्या मातींत उभा असलेला मनुष्य तींतून सुटत नाहीं. सौर कुंपणाचें तत्त्व अगदीं भिन्न आहे. त्यांतील यंत्र साधारण दर सेकंदास एक, अत्यंत अल्पकाळ टिकणारा झटका देतें. दाब मोठा, पण काळ इतका थोडा कीं जनावर दचकून मागें सरतें, मरत नाहीं. हें सर्व ऐकून मुलगा म्हणाला, "त्याला पैसे कोण देणार, गुरुजी? मला नुसतं झोपायचं आहे." सभेंत हात वर करून मतें घेतलीं. तारेविरुद्ध तेरा, बाजूनें तीन. त्या तिघांत तो होता. आम्ही त्यास दोष देत नाहीं.

स्फोटक पदार्थ पेरण्याचा प्रकार तर ह्याहून क्रूर. २०२० च्या मे महिन्यांत केरळांत एक गाभण हत्तीण फळांत भरलेल्या स्फोटकानें तोंड फुटून नदीच्या पाण्यांत उभ्या उभ्या मेली. तें फळ तिच्यासाठीं ठेवलेलें असो वा डुकरासाठीं.

कायदा काय म्हणतो हें विद्यार्थ्यांनीं नेमकें समजून घ्यावें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं रानडुक्कर, वानर, माकड, मोर ह्या सर्वांस संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या परिशिष्टांत असून, तें उभ्या पिकास धोकादायक झाल्यास अधिकृत अधिकारी लेखी आज्ञेनें त्याच्या शिकारीची परवानगी देऊं शकतो. म्हणजे दार बंद नाहीं, पण किल्ली शेतकऱ्याच्या हातीं नाहीं. मोर तर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी. त्यास जाळीनेंच दूर ठेवावयाचें.

नुकसानभरपाईची तरतूद महाराष्ट्रांत आहे. रानडुक्कर, हरिण, रानगवा, रोही अशा ठराविक जनावरांनीं पीक खाल्लें असतां तीन दिवसांच्या आंत वनखात्यास कळवावें लागतें. मग पंचनामा होऊन रक्कम ठरते. येथें राखेची पाटी पुन्हां कामास येते: मागाचें, उकरलेल्या जमिनीचें व विष्ठेचें छायाचित्र त्याच सकाळीं काढून ठेवावें. परंतु पंचनामा डोळ्यांनीं होतो, आणि डोळ्यांस दिसतें तें पुष्कळदां थोडें असतें. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या पश्चिम सीमेवर मिलिंद वाटवे व त्यांचे सहकारी ह्यांनीं केलेला एक अभ्यास २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. रानास लागून असलेल्या शेतांत निम्म्याहून अधिक पीक जातें, रानापासून दूर जावें तों हें प्रमाण घटतें, आणि पाहणी करून ठरविलेला नुकसानीचा अंदाज प्रत्यक्ष हानीच्या मानानें फारच तोकडा असतो, असें त्यांत आढळलें. ताडोबा आणि मुळशी एक नव्हेत. तरी आमच्या सोळा वाफ्यांचा अनुभव त्याच दिशेचा आहे.

आमच्या अभ्यासाचें मोठें फळ मात्र गणिताच्या तासाला मिळालें. गुंठ्याचें क्षेत्रफळ १०८९ चौरस फूट, म्हणजे चौरसाची बाजू ३३ फूट व परिमिति १३२ फूट. असे चार गुंठे निरनिराळे कुंपणावयाचे तर ५२८ फूट जाळी लागेल. तेच चार गुंठे एकत्र धरले तर चौरसाची बाजू ६६ फूट व परिमिति २६४ फूट. म्हणजे बरोबर निम्मी. हें उदाहरण आम्हीं फळ्यावर घातलें होतें केवळ परिमितीसाठीं. तासानंतर तोच झोपाळू विद्यार्थी वही घेऊन आला. त्याच्या घरचें व शेजारच्या तीन घरांचें परडें एकमेकांस लागून होतें, आणि चौघांनीं चार कुंपणें घालण्याचा बेत पैशांअभावीं सोडला होता. शेतें चौरस नसतात हें त्यास ठाऊक होतें. त्यानें दोरीनें प्रत्येक बांध मोजला होता. चौघांची बेरीज व एकत्रित घेराचा आंकडा त्यानें शेजारीं शेजारीं लिहिला होता. निम्म्याहून किंचित् अधिक जाळी लागत होती.

चार घरांस एकत्र आणणें हें गणितापेक्षां अवघड गेलें. एका बांधावरून दोन भावांत जुना तंटा होता. कोणाच्या बाजूनें जाळी घ्यावी ह्यावर एक संबंध उन्हाळा गेला. शेवटीं गेल्या आखाडांत जाळी बसली. खालची बाजू वळवून दगडांनीं दाबण्याचें काम आमच्या सोळा मुलांनीं केलें. दार एकच असल्यामुळें तें रात्रीं कोणी लावावयाचें ह्याची पाळी ठरली, आणि माळ्यावरची राखणहि त्याच पाळीनें होऊं लागली. आतां त्या घरावर चौथ्या रात्रीं पाळी येते, व ती वडील करितात. मुलगा दहावींत आहे.

वानरांपुढें मात्र जाळीचें कांहीं चालत नाहीं. तीं वरून येतात, दिवसा येतात, आणि शाळा असलेल्या वेळींच येतात. दोडका व काकडीचा मांडव जुन्या मासळीच्या जाळ्यानें वरूनहि झांकून पाहिला. फळ वांचलें, पण मधमाशांस वाट राहावी म्हणून भोंकें मोठीं ठेवावीं लागतात, आणि मोठ्या भोंकांतून माकडाचा हात आंत जातो. ह्यावर्षीं फुलोऱ्याच्या काळांत जाळें बाजूस करून, फळ बोटाएवढें झालें म्हणजे मगच घालून पाहण्याचा विचार आहे. घायपाताच्या दुसऱ्या ओळींतील वीस-बावीस कोंब उन्हानें गेले आहेत. ते पहिल्या पावसाबरोबर पुन्हां लावावयाचे आहेत. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं शनिवारीं सकाळच्या एस्. टी. नें यावें, आणि घायपाताचीं पानें हातास कापतात, म्हणून जाड फडकें बरोबर आणावें.